माणसं किती, खोल्या किती: इंग्लंडच्या उपनगरांतल्या मराठी कौन्सिलरांना खुलं पत्र

प्रति,
इंग्लंडच्या उपनगरी कौन्सिलांवर निवडून गेलेले आणि पुढच्या खेपेला उभे राहू पाहणारे आमचे मराठी बंधू-भगिनी

सप्रेम नमस्कार.

हाउसिंगच्या समितीवर नाव लागलं की पहिल्या बैठकीआधी एक जाडजूड फाइल हातात पडते. दाटीवाटीनं राहणाऱ्या कुटुंबांचा एक आकडा तिच्यात असतो आणि कायद्याच्या व्याख्येनं काढला असेल तर तो बराच लहान दिसतो. तो वाचून हायसं वाटून घेऊ नका, एवढ्यासाठी हे पत्र. आकडा लहान दिसतो कारण मोजपट्टी १९३५ सालची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्या कौन्सिलांना खरोखर माणसं घरात बसवायची होती, त्यांनी निव्वळ तिच्या भरवशावर कधीच काम केलं नाही. कायद्यात मात्र ती अजून जशीच्या तशी आहे.

आम्ही घरं मोजणारे, अर्ज तपासणारे आणि भाडेकरूंच्या तक्रारी हाताळणारे लोक आहोत. त्यामुळे पुढचा मजकूर थोडा रुक्ष, फूट-इंचांचा आहे. पण या प्रश्नाची मेख फूट-इंचांतच आहे.

१९३५ च्या हाउसिंग ॲक्टनं दोन कसोट्या घातल्या. आज त्या १९८५ च्या हाउसिंग ॲक्टच्या दहाव्या भागात, कलम ३२५ आणि ३२६ मध्ये सापडतील. पहिली झोपण्याची. दहा वर्षांवरच्या, नवरा-बायको म्हणून न राहणाऱ्या स्त्री-पुरुषांना एका खोलीत झोपावं लागू नये. ऐकायला ठीक वाटतं. पण 'खोली' म्हणजे बेडरूमच असं नाही. त्या परिसरात बसायला किंवा झोपायला वापरतात ती कुठलीही खोली चालते, म्हणजे हॉलसुद्धा धरला जातो. शिवाय आई आणि मुलगी एका खोलीत, बाप आणि मुलगा दुसरीत, अशी वाटणी कागदावर करता आली की कसोटी पास. नवरा-बायकोला एकत्र झोपता आलं पाहिजे, असं कायदा म्हणत नाही.

दुसरी कसोटी जागेची. तिचे दोन हिशेब करायचे आणि जो आकडा कमी येईल तो धरायचा. पहिला खोल्यांच्या संख्येवर: एका खोलीला २ माणसं, दोन खोल्यांना ३, तिनांना ५, चारांना साडेसात, पाच किंवा जास्त असतील तर दर खोलीला २. दुसरा क्षेत्रफळावर: ११० चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या खोलीला २ माणसं, ९० ते ११० ला दीड, ७० ते ९० ला एक, ५० ते ७० ला अर्धं, आणि ५० च्या खाली असेल तर ती खोलीच नाही. माणसं मोजताना एक वर्षाखालचं बाळ शून्य, एक ते दहा वर्षांचं मूल अर्धं. मोजणी जमिनीलगत करायची. बे-विंडोचा फुगवटा, भिंतीतलं कपाट, पुढे आलेली चिमणीची भिंत, हे सगळं क्षेत्रफळात धरायचं. फक्त ज्या भागात छत पाच फुटांहून खाली आहे तो वगळायचा. लॉफ्टमध्ये खोली काढली असेल तर हा शेवटचा नियम विसरू नका. उतरत्या छपराखाली दिसायला ऐसपैस वाटणारी खोली मोजताना निम्म्यावर येते.

आता हे एका घरावर लावून पाहू. उपनगरांत मैलोन्‌मैल दिसतं तसं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं, घर घ्या. खाली पुढची खोली १३ बाय १२, मागची १२ बाय ११, आणि लहानसं स्वयंपाकघर, ज्यात बसायला जागा नाही म्हणून ते धरायचं नाही. वर एक बेडरूम १३ बाय ११, दुसरी ११ बाय १०, आणि जिन्यावरची बॉक्स रूम, म्हणजे सामानापुरती चिमुकली खोली, ७ बाय साडेसहा. बॉक्स रूम साडेपंचेचाळीस चौरस फूट भरली, ती गेली. उरल्या चार खोल्या. संख्येच्या हिशेबानं साडेसात माणसं, क्षेत्रफळाच्या हिशेबानं आठ. कमीचा आकडा साडेसात.

या घरात एक आजी, तिची विवाहित मुलगी आणि जावई, मुलगा आणि सून, त्यांची नऊ, सात, पाच आणि तीन वर्षांची चार मुलं आणि एक तान्हं बाळ राहतं असं समजा. मोठी माणसं पाच, चार मुलांचे दोन, बाळाचा शून्य. एकूण सात. एक संडास, एक न्हाणीघर, एक चूल, दहा जीव, आणि कायद्याच्या मते घरात दाटी नाही! उलट अजून अर्ध्या माणसाला जागा शिल्लक आहे.

तेच घर बेडरूम स्टँडर्डनं मोजा. ही मोजपट्टी सरकारी सर्वेक्षणांत १९६० पासून वापरली जाते. प्रत्येक जोडप्याला एक बेडरूम, २१ वर्षांवरच्या प्रत्येक सुट्या माणसाला एक, १० ते २० वयाच्या एकाच लिंगाच्या दोघांना मिळून एक, दहाच्या आतल्या दोन मुलांना मिळून एक, जोडी न जमलेल्याला स्वतंत्र. वरच्या कुटुंबाला दोन जोडप्यांच्या दोन, आजीची एक, पाच मुलांच्या तीन, अशा सहा बेडरूम लागतात. घरात बॉक्स रूम धरूनही तीनच आहेत. एका पट्टीनं दाटी शून्य, दुसरीनं तीन बेडरूमचा तुटवडा. घर तेच आणि माणसंही तीच.

१९३५ ची पट्टी इतकी ढिली का ठेवली, याचं कारण तेव्हा रास्त होतं. हा गुन्ह्याचा कायदा होता. घरमालकावर, प्रसंगी भाडेकरूवरही खटला भरता येणार होता. घरंच नसताना पट्टी कडक केली असती तर लाखो कुटुंबं एका रात्रीत गुन्हेगार ठरली असती. म्हणून ही आदर्श पातळी नव्हे, ही खालची मर्यादा, असं तेव्हाच्या सरकारनंही मान्य केलं होतं. १९३६ च्या देशव्यापी पाहणीत कामगारवर्गाच्या सुमारे ९० लाख घरांपैकी ३.८ टक्के घरं दाटीची निघाली. पुढे परिस्थिती सुधारली की पट्टी कडक करू, असा विचार होता. मग युद्ध आलं.

युद्धात सुमारे पावणेपाच लाख घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. सहा वर्षं नवी बांधकामं जवळजवळ बंद, दुरुस्त्या रखडलेल्या, आणि सैन्यातून परतलेल्या मुलांची लग्नं धडाधड होत होती. लंडनच्या दक्षिणेकडच्या उपनगरांना १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या व्ही-१ उडत्या बॉम्बनी झोडपलं, क्रॉयडनला तर सगळ्यांत जास्त. नवं जोडपं राहणार कुठे? बायकोच्या माहेरी, वरच्या मागच्या खोलीत. पहिलं मूल तिथेच, बऱ्याचदा दुसरंही. वर सांगितलेलं दहा माणसांचं घर आम्ही कल्पनेनं रचलं, पण त्या काळच्या उपनगरी गल्लीत ते कुणाला नवल वाटलं नसतं.

१९४६ च्या उन्हाळ्यात लोकांनी वाट पाहणं सोडलं. रिकाम्या पडलेल्या लष्करी छावण्यांत कुटुंबं बिऱ्हाड घेऊन शिरली. सुरुवात स्कन्थॉर्पला झाली. मग लोण लंडनच्या आसपास, बकिंगहॅमशरमध्ये चॅलफंट सेंट जाइल्सपर्यंत पोचलं. शरद ऋतूपर्यंत इंग्लंड-वेल्समधल्या हजाराहून जास्त छावण्यांत जवळपास ४० हजार माणसं राहत होती. सरकारनं आधी डोळे वटारले, मग बहुतेक छावण्या कौन्सिलांच्या गळ्यात मारल्या. कौन्सिलांनी निसेन झोपडीत, म्हणजे १६ फूट रुंदीच्या अर्धगोल पत्र्याच्या कोठीत, मधे पार्टिशनं घातली, नळ आणि शेगडी दिली आणि भाडं लावलं. तात्पुरती म्हणून दिलेली ही सोय पुष्कळ ठिकाणी पन्नासच्या दशकात बरीच पुढे चालली. 'तात्पुरतं' हा शब्द फाइलीत दिसला की शेजारी तारीख लिहून घ्या, असं आम्ही नव्या सहकाऱ्यांना सांगतो ते यामुळेच.

प्रीफॅबची, म्हणजे कारखान्यात तयार होऊन जागेवर जोडलेल्या तात्पुरत्या घरांची, गोष्ट वेगळी, आणि ती उगाच बदनाम झाली. १९४४ च्या कायद्याखाली १९४९ पर्यंत १ लाख ५६ हजारांहून जास्त प्रीफॅब उभे राहिले. अलुमिनियमचं घर कारखान्यात चार तुकड्यांत तयार होऊन लॉरीवरून यायचं. एका तुकड्याची रुंदी साडेसात फूट, कारण त्याहून रुंद माल रस्त्यावरून नेता येत नसे. ६३५ चौरस फुटांच्या आसपास जागा, दोन बेडरूम, घरात संडास, आणि स्वयंपाकघरात फ्रिज! बॉक्स रूममधून निघून इथे आलेल्या बाईला तो महालच वाटला असणार. आयुष्य धरलं होतं दहा-पंधरा वर्षांचं. लंडनच्या कॅटफर्डमधल्या एक्सकॅलिबर वसाहतीत १८७ प्रीफॅब नव्या शतकातही वापरात होते, आणि २००९ मध्ये त्यांतल्या सहांना वारसा म्हणून संरक्षण मिळालं.

पक्क्या घरांत मात्र घाईनं घात केला. विटा, लाकूड आणि गवंडी या तिन्हींची टंचाई, आणि लाकडासाठी डॉलर मोजावे लागत. म्हणून काँक्रीटच्या खांब-फळ्यांची एअरी घरं, कॉर्निश युनिट, पोलादी सांगाड्याची बीआयएसएफ (ब्रिटिश आयर्न अँड स्टील फेडरेशनची) घरं आली. एअरी घराचे खांब बारीक आणि आतलं पोलाद पृष्ठभागाच्या फार जवळ. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत गेला की त्याचा क्षारगुण जातो आणि पोलाद गंजायला लागतं. गंज फुगतो, काँक्रीटला उभ्या भेगा पडतात. हे उघडकीला येईपर्यंत बरीच घरं भाडेकरूंनी विकत घेऊन झाली होती. शेवटी १९८४ मध्ये हाउसिंग डिफेक्ट्स ॲक्ट करून सरकारला मदत द्यावी लागली. तुमच्या वॉर्डात अशी घरं असतील तर रंगाच्या खाली कोपऱ्यातल्या उभ्या भेगा बघायला सांगा. नुसता गिलावा मारून अहवाल बंद करू देऊ नका.

आता आमच्या मुख्य विषयाकडे, रांगेकडे.

युद्धानंतरच्या मजूर सरकारात अन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री होते, आणि घरबांधणी तेव्हा आरोग्य खात्यातच होती. त्यांनी घरं मोठी ठेवली. तीन बेडरूमचं घर हजार चौरस फुटांच्या वर, खाली-वर दोन संडास. १९४६ च्या कायद्यानं दर घरामागे वर्षाला १६ पौंड १० शिलिंग सरकारचे आणि ५ पौंड १० शिलिंग स्थानिक कराचे, असं ६० वर्षं अनुदान लागू केलं. पुढे १९५१ नंतर हुजूर पक्षाचे हॅरल्ड मॅकमिलन घरबांधणीमंत्री म्हणून आले. वर्षाला तीन लाख घरांचा शब्द त्यांनी १९५३ मध्ये खरा केला, पण घर आक्रसून नऊशे चौरस फुटांकडे गेलं. कोण बरोबर, यावर अजून वाद घालता येतो. आमचं मत बेव्हनच्या बाजूचं आहे. लहान बांधलेलं घर पुढे साठ वर्षं लहानच राहतं, आणि त्यातली दाटी मागाहून कुठल्याही समितीला काढता येत नाही.

पण घरं किती आणि केवढी हा अर्धा प्रश्न. ती कुणाला, कुठल्या क्रमानं द्यायची? १९३६ च्या कायद्याच्या ८५ व्या कलमात लिहिलं होतं की आरोग्याला अपायकारक वा दाटीच्या घरांत राहणारे, मोठ्या कुटुंबांचे आणि एकूण वाईट स्थितीत राहणारे यांना वाजवी प्राधान्य द्यावं. 'वाजवी' म्हणजे किती, हे कौन्सिलनं ठरवायचं. यादी हजारांवर गेली तशी कौन्सिलांनी गुणपद्धती आणली. बेडरूम किती कमी पडतात, स्वयंपाकघर दुसऱ्यांबरोबर वापरावं लागतं का, घरात क्षयरोगी आहे का, जागेअभावी नवरा-बायको किंवा मुलं वेगळी राहतात का, युद्धसेवा झाली आहे का, गावात किती वर्षं वास्तव्य आहे. प्रत्येकाला गुण, बेरीज, आणि बेरजेप्रमाणे रांग. इथे जी गोष्ट मोजली ती बेडरूमचा तुटवडा होती, १९३५ ची साडेसात माणसं नव्हेत. काम करणाऱ्यांना कुठली पट्टी उपयोगी पडली, ते यावरूनच दिसतं.

गुणपद्धतीत काय बिघडतं तेही तेव्हाच दिसलं, आणि ते सगळं आजही जसंच्या तसं बिघडतं. मूल नसलेल्या जोडप्याला गुणच नसतात, म्हणून वर सरकायचं तर आधी मूल हवं. सासरी-माहेरी राहणारी कुटुंबं स्वतंत्र अर्जदार म्हणून नोंदवलीच जात नाहीत. कागदावर एकच बिऱ्हाड दिसतं आणि त्याच्या पोटात दोन लपलेली असतात. कुणी गुणांसाठी मुद्दाम भावाला घरात आणून ठेवतं. मग कौन्सिल 'स्वतः ओढवून घेतलेली दाटी' धरायची नाही असा नियम करते, आणि त्या नियमात खरोखर निराधार झालेला भाऊही भरडला जातो. वास्तव्याचे गुण फार असले की आजचा निकडीचा माणूस मागे आणि निवांत जुना रहिवासी पुढे.

या शेवटच्या गोष्टीवर आमचा रोख आहे. बर्मिंगहॅममध्ये १९४९ पासून पाच वर्षं वास्तव्य झाल्याशिवाय नोंदणीच होत नसे. पन्नास-साठच्या दशकांत भारत, पाकिस्तान, कॅरिबियन बेटांवरून आलेले कामगार या अटीमुळे रांगेबाहेर राहिले. कारखान्यात त्यांची गरज होती, पण यादीत त्यांना जागा नव्हती. मग त्यांनी मोडकी मोठी घरं उसनवारीनं घेतली, खोलीखोलीत माणसं ठेवली, आणि त्याच कौन्सिलनं दाटीबद्दल त्यांच्यावरच बोट ठेवलं. पाच वर्षं भरली तरी घर बघायला एक हाउसिंग व्हिजिटर यायची. चादरी, चूल, भांडी पाहून 'चांगलं', 'बरं', 'वाईट' असा शेरा मारायची आणि शेऱ्यावरून नवं घर मिळणार की पाडायला काढलेलं, ते ठरायचं. सरकारनं नेमलेल्या समितीच्या १९६९ च्या कलिंगवर्थ अहवालानं या शेरेबाजीवर टीका केली आणि यादीत नाव घालायला कुणालाही वास्तव्याची अट नको, असं सुचवलं.

आणि आज? २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टनं पात्रतेच्या अटी घालायची मोकळीक कौन्सिलांना पुन्हा दिली. २०१३ च्या सरकारी मार्गदर्शनात किमान दोन वर्षं सुचवली आहेत. पश्चिम लंडनमधल्या हिलिंग्डन कौन्सिलनं दहा वर्षं ठेवली होती. २०१९ मध्ये कोर्ट ऑफ अपीलनं ती अट आयरिश ट्रॅव्हलर (मूळचा आयर्लंडचा भटका समाज) आणि परदेशी नागरिक असलेल्या निर्वासितांबाबत अप्रत्यक्ष भेदभाव करते असं ठरवलं. तुमच्या कौन्सिलची अट किती वर्षांची आहे, आणि ती ठरवताना १९४९ ते १९६९ चा अनुभव कुणी टेबलावर ठेवला होता का, हे विचाराच. परगावाहून आलेल्या माणसाला रांगेत किती काळ उभं करायचं, हा प्रश्न आपल्या मंडळींनी तरी हलक्यानं घेऊ नये.

उपनगरातलाच अजून एक गुंता. युद्धानंतर लंडन काउंटी कौन्सिलनं हद्दीबाहेर जमीन घेऊन वसाहती उभारल्या. एसेक्समध्ये रॉमफर्डजवळ हॅरल्ड हिल, तिथे सुमारे साडेसात हजार घरं. शिवाय डेब्डन, हर्टफर्डशरमध्ये साउथ ऑक्झी, बोरहॅमवुड. पूर्व लंडनमधल्या स्टेपनी-बेथ्नल ग्रीनच्या दाटीतून कुटुंबं इकडे आली. घर प्रशस्त, पण भाडं जुन्या खोलीच्या कितीतरी पट, आणि कामाला रोज लंडनला जायचं तर गाडीभाडं वेगळं. लंडनच्या भुयारी रेल्वेची सेंट्रल लाइन डेब्डनपर्यंत १९४९ मध्ये पोचली. शाळा, दुकानं, दवाखाना घरांच्या मागून वर्षं-दोन वर्षांनी. काही कुटुंबं खर्च झेपेना म्हणून परत गेली. रॉमफर्डचे स्थानिक लोक चिडले ते वेगळंच: घरं आमच्या अंगणात, वाटप लंडनच्या यादीवरून.

खरी गोम वीस वर्षांनी कळली. वसाहतीत वाढलेली मुलं लग्नाची झाली. लंडन म्हणे, आम्ही दाटीतल्या लंडनकरांना घर देतो, तुम्ही आता तिथे राहत नाही. स्थानिक कौन्सिल म्हणे, तुम्ही लंडनचे भाडेकरू, तिकडे मागा. या टोलवाटोलवीत दुसरी पिढी पुन्हा आईबापाच्या मागच्या खोलीत. वाटप करताना घर कुणाचं आणि यादी कुणाची हे लिहून ठेवलं, पण पुढच्या पिढीचं काय, हे कुणीच लिहिलं नव्हतं. आज हाउसिंग असोसिएशन (ना-नफा घरसंस्था) आणि कौन्सिल यांच्यात नामनिर्देशनाचे करार होतात, म्हणजे असोसिएशनच्या घरांसाठी भाडेकरूंची नावं कौन्सिल सुचवते, त्यांत हेच कलम बहुधा गायब असतं. पहिल्या वाटपाचे १०० टक्के हक्क कौन्सिलला, पुढे रिकाम्या होणाऱ्या घरांचे किती, इथे नजर ठेवा.

घरांच्या आकाराचं गणितही तेव्हा चुकलं. अनुदान घरामागे होतं. त्यामुळे तीन बेडरूमचं घर सगळ्यांना सोयीचं, आणि वसाहतीच्या वसाहती त्याच एका नकाशाच्या. चार-पाच बेडरूमची घरं थोडी, म्हाताऱ्यांसाठी एक बेडरूमची त्याहून थोडी. पुढे मुलं उडून गेली, आजी एकटी तीन बेडरूममध्ये. शेजारच्या गल्लीत सात जणांचं कुटुंब दोनमध्ये. दोघांना अदलाबदल हवी असते असंही नाही. वयस्क माणूस हलतो तो चार अटींवर: जवळच जागा हवी, तळमजला हवा, सामान ठेवायला कपाटं हवीत, आणि हलवाहलवीचा खर्च व माणसं कौन्सिलनं द्यायची. २०१३ मध्ये जादा बेडरूमसाठी घरभत्ता कापायला सुरुवात झाली. तीत पेन्शनच्या वयाचे लोक वगळलेले आहेत, म्हणजे ज्यांच्याकडे जागा रिकामी असण्याचा संभव जास्त त्यांना ती लागूच नाही. आणि ज्यांना लागू झाली त्यांना द्यायला लहान घरं नव्हती.

मोठ्या घराचा साखळीनं होणारा फायदा समितीत नेहमी दुर्लक्षिला जातो. चार बेडरूमचं एक नवं घर तीन बेडरूममधल्या सात जणांना दिलं. त्यांचं तीनचं घर दोनमध्ये राहणाऱ्या पाच जणांना गेलं. ते दोनचं घर बॉक्स रूममधल्या जोडप्याला आणि त्यांच्या बाळाला. बांधलं एक, सुटली तीन कुटुंबं, आणि बॉक्स रूमवाल्यांच्या आईबापांनाही हातपाय पसरायला जागा झाली. एक बेडरूमचा नवा फ्लॅट बांधला तर साखळी पहिल्याच कडीला संपते. मात्र साखळीचं घोडं पेंड खातं ते मधल्या रिकाम्या काळात. किल्ली परत येणं, विजेची तपासणी, दुरुस्ती, रंग, पुढच्याला घर दाखवणं, त्याचा नकार, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या कडीपर्यंत सहज काही महिने जातात आणि दर आठवड्याचं भाडं बुडतं. म्हणून साखळीतल्या सगळ्या कुटुंबांची संमती पहिली किल्ली द्यायच्या आधी घ्यायची.

खासगी भाड्याच्या घरांबद्दल थोडक्यात. १९८० च्या कायद्यानं कौन्सिलची घरं भाडेकरूंना विकली गेली. त्यांतली बरीच आता खोली-खोलीनं भाड्यानं लागतात, म्हणजे दाटी हटवायला बांधलेल्या घरांत दाटी परत आली. आपल्याकडून कामाच्या व्हिसावर आलेल्या कुटुंबांच्या व्हिसालाच सरकारी मदत घेता येणार नाही ही अट असते, त्यामुळे कौन्सिलच्या यादीत त्यांना जागाच नाही. त्यांचा सारा भरवसा तुमच्या पर्यावरण-आरोग्य अधिकाऱ्यांवर. दोन किंवा जास्त कुटुंबांतली मिळून पाच किंवा जास्त माणसं स्वयंपाकघर-न्हाणीघर वाटून घेत असतील तर घराला परवाना सक्तीचा आहे. २०१८ पासून अशा घरांत एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२, दहा वर्षांखालच्या मुलाला ४.६४. हे विचित्र अपूर्णांक कुठून आले? फुटांत करून बघा: ७०, ११० आणि ५०. तीच १९३५ ची पट्टी, फक्त मीटरमध्ये.

दाटी आणि ओल यांचं नातंही नीट समजून घ्या, कारण अधिकारी बऱ्याचदा 'भाडेकरू खिडक्या उघडत नाहीत' एवढं लिहून मोकळे होतात. युद्धानंतरच्या घरांत कोळशाची शेकोटी होती आणि तिची चिमणी दिवसभर खोलीतली दमट हवा ओढून नेत असे. नंतर चिमण्या बुजल्या, खिडक्या घट्ट बसल्या. पॅराफिनचे हीटर आले, आणि एक लीटर पॅराफिन जळलं की जवळपास एक लीटर पाणी वाफ होऊन खोलीत उतरतं. आता हीटर गेले, पण तीन माणसांच्या घरात सात माणसांचा श्वास, अंघोळी, भात-आमटीची वाफ आणि घरातच वाळणारे कपडे आहेत. थंड बाहेरच्या भिंतीला खेटून कपाट ठेवलेलं असतं, कारण दुसरीकडे जागा नाही, आणि बुरशी तिथेच मागे धरते. पंखा बसवा, जरूर बसवा. पण अशा घरात दाटी हाच धोका म्हणून नोंदवता येतो. २००४ च्या कायद्याखालच्या २९ धोक्यांच्या यादीत 'दाटी आणि अपुरी जागा' स्वतंत्रपणे आहे, आणि त्यावर नोटीस काढता येते. १९३५ ची साडेसात माणसं भरली नाहीत म्हणून हात वर करणाऱ्या अधिकाऱ्याला ही यादी दाखवा.

आता मागणी. २००४ च्या हाउसिंग ॲक्टचं कलम २१६ सांगतं की मंत्र्यांना दाटीची व्याख्या नुसत्या आदेशानं बदलता येते, नवा कायदा करायची गरज नाही. तो आदेश अजून निघालेला नाही. तुमच्या कौन्सिलनं ठराव करून तो मागावा. बाळ शून्य आणि मूल अर्धं हे आधी काढावं, हॉलला झोपायची खोली धरणं बंद करावं, आणि बेडरूम स्टँडर्ड किमान पातळी म्हणून लिहावं. आदेश येईपर्यंत तुमच्या स्वतःच्या वाटप धोरणात बेडरूम स्टँडर्ड आहे ना ते तपासा. २०१२ च्या सरकारी मार्गदर्शनात त्याचीच शिफारस आहे, त्यामुळे 'कायद्यात नाही' ही सबब चालत नाही. जाता जाता हेही बघा: १९३६ च्या प्राधान्यक्रमात 'मोठी कुटुंबं' असा स्पष्ट उल्लेख होता, आजच्या १९९६ च्या कायद्यात तो उरलेला नाही. मोठ्या घरांचा कोटा धोरणात वेगळा लिहून घेतला नाही तर आठ जणांचं कुटुंब दाटीच्या सर्वसाधारण गठ्ठ्यात पडतं, आणि त्यांच्या मापाचं घर वर्षभर रिकामं होत नाही.

पुढच्या बैठकीत अधिकाऱ्यांकडून चार आकडे लेखी मागा, आणि ते जाहीर करा. यादीतली किती कुटुंबं १९८५ च्या व्याख्येनं दाटीत आहेत आणि किती बेडरूम स्टँडर्डनं. एकाच पत्त्यावर दोन किंवा जास्त बिऱ्हाडं असलेले अर्ज किती. गेल्या वर्षी चार आणि जास्त बेडरूमची किती घरं दिली गेली, आणि त्यांसाठी सरासरी किती वर्षं थांबावं लागलं. वास्तव्याच्या अटीवर किती अर्ज परत गेले. आकडे पत्त्याशिवाय, नावाशिवाय चालतील. ते हाती आले की कुठल्या तक्त्यात मांडायचे आणि कुठल्या घरांची पुन्हा मोजणी मागायची, यात मदत करायला आम्ही तयार आहोत. टेप आमच्याकडे आहे, फुटांचाही आणि मीटरचाही.

आपले,
इंग्लंडमध्ये घरांच्या मोजणीचं आणि वाटपाचं काम करणारे काही मराठी लोक